कोऱ्या जागेचं शून्य

"म्हाताऱ्याला दिसेना झालंय राव, घरी बसवा आता," कँटीनमध्ये मागच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं. दुसरा हसला. मी ताटातला भात चिवडत राहिले. बोलणं भट्टीवरच्या काकांबद्दल चाललं होतं. आदल्या आठवड्यात तापलेल्या भट्टीचं दार उघडताना त्यांचा उजवा हात भाजला होता.

चाकणच्या त्या कारखान्यात मशीनचे नियम लिहिण्यासाठी आम्ही कॉम्प्युटरची एक छोटी भाषा बनवली होती. सुपरवायझरने 'तापमान < ६०' असं लिहायचं; म्हणजे तापमान साठपेक्षा कमी. ते खरं ठरलं की पडद्यावर हिरवा दिवा लागतो आणि दाराचं लॉक सुटतं. या भाषेतल्या चिन्हांनी कधी काय उत्तर द्यायचं, हे ठरवणं माझं काम. सेन्सरकडून आकडाच आला नाही, तर '<' ने काय म्हणावं? मी ठरवलं, शून्य धरावं. नाहीतर तार जरा ढिली झाली तरी लाइन थांबली असती, आणि सगळ्यांचे फोन मला आले असते.

त्याआधीच काकांनी मला शिफ्टचं रजिस्टर दाखवलं होतं. काही रकान्यांत नुसती आडवी रेघ होती. "रीडिंग घेतलं न्हाई की आमी रेघ मारतो, पोरी. शून्य न्हाई लिहीत." मी मान हलवली होती. शाळेपासूनची सवय, समजो न समजो, मान हलवायची.

काकांचा हात भाजला त्या दिवशी साफसफाईसाठी काढलेली सेन्सरची तार परत जोडायची राहून गेली. आकडा आला नाही. शून्य साठपेक्षा कमी ठरलं.

चौकशीला काका हाताला पट्टी बांधून आले. हिरवं दिसलं म्हणून उघडलं, एवढंच ते सांगत राहिले. साहेबांनी विचारलं, आधी थर्मामीटर का लावला नाही? 'निष्काळजीपणा' हा शब्द कागदावर आधीच टाइप झालेला होता. काकांनी त्या कबुलीच्या कागदावर सही केली, की लगेच त्यांना कामावरून काढायचं, हेही ठरलं होतं. शून्याचं माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

काकांना पेन धरता येईना, म्हणून शाईचं पॅड मागवलं. इतकी वर्षं रजिस्टरात सुबक सही करणाऱ्या त्या माणसाने डावा अंगठा स्वतःच पुढे केला.

"थांबा काका," मी म्हणाले. "सर, चूक यांची नाही. आकडा आला नाही तर शून्य धरायचं, हे मी ठरवलं होतं."