मागचा ब्रेक

लीड्सला असताना माझ्याकडे एक जुनी जपानी मोटरसायकल होती, अडीचशे सीसीची. हौसेनं घेतलेली नव्हती. मी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, नवरा सोमवार ते शुक्रवार दूर लंडनजवळ, मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि कार त्याच्याबरोबर. घरून हॉस्पिटलला जायला दोन बस लागत आणि त्यातली दुसरी स्वतःच्या मर्जीनं यायची. पुण्यात कॉलेजपासून दुचाकीवर वाढलेल्या मला तो बसस्टॉप सोसवेना. आमच्या वॉर्डातला एक पोर्टर आपली गाडी विकायला काढत होता, ती मी घेतली. तिथल्या लायसन्सच्या परीक्षेत नापास होत होत एकदाची पासही झाले.

पुण्यातल्या मैत्रिणींना वाटायचं, मी चामड्याचं जाकीट घालून यॉर्कशरच्या टेकड्यांवर हिंडते. प्रत्यक्षात मी ओली पँट चेंजिंग रूमच्या रेडिएटरवर वाळत घालायची आणि संध्याकाळी तीच अर्धवट ओली पँट चढवून घरी यायची. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवायचे आणि घरी आल्यावर माझे वाकायचे नाहीत.

हिवाळ्यात कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, रस्त्यांवर मीठ टाकते, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं. रोज पाणी मारून धुतलं तर गाडी टिकते, असं सगळे सांगत. शिफ्ट संपवून आल्यावर अंधारात, गारठ्यात, बादली घेऊन गाडी धुणारी बाई मला अजून भेटायची आहे.

त्यामुळे दर फेब्रुवारीत एमओटी आली की मी दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायची. एमओटी म्हणजे वर्षातून एकदा होणारी गाडीची तपासणी. ती पास झाली तरच गाडी रस्त्यावर आणायची. रेल्वेच्या पुलाच्या कमानीखाली एक गॅरेज होतं, मी तिथे जायची. टेस्टर साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या वर्षी पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागेना, म्हणून नापास. दुसऱ्या वर्षी पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचं सील गळत होतं, म्हणून नापास. "एवढी कशी हो खराब होते?" असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "या हवेत बाहेर उभं केलं तर तुम्हीही गंजाल, लव्ह." तिकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. त्यात माया शोधायची नसते.

तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता पुण्यात सासूबाई गेल्या. नवरा दिवसकार्याला गेला आणि सगळं उरकून येताना वडिलांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बरोबर घेऊन आला. घर बंद करून एकट्या माणसाला मागे ठेवणं त्याला जमेना. बरोबरच होतं ते. फक्त आल्यावर तो सोमवारी पहाटे मेडनहेडला गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो, सासरे आणि मी.

सासरे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर ते सासूबाईंशी बोलले असतील तेवढंच. बाकीच्यांशी बोलायचं काम त्यांनी सासूबाईंकडेच सोपवलं होतं. मी घरी आले की ते म्हणायचे, "आलीस?" मी विचारायची, "जेवलात का बाबा?" "हो." मग ते टीव्हीचा आवाज कमी करत आणि मी सोफ्यावर बसल्याबसल्या पेंगायची. त्यांच्या दुःखाची मला कल्पना होती. पण दिवसभर वॉर्डात लोकांना "थोडं अजून, जमेल तुम्हाला" म्हणून झाल्यावर घरी आणखी एका माणसाला उभं करायचं बळ माझ्यात नसायचं.

सकाळी मी निघाले की ते खिडकीत उभे असत. एकदा म्हणाले, "गाडीला तेलपाणी लागतं. मी बघतो." पुण्यात त्यांनी एकच स्कूटर कित्येक वर्षं वापरली होती आणि तिचं सगळं घरीच केलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघा." काही दिवसांनी चेन चकचकीत दिसली, सायलेन्सरच्या नळीवरचा गंज पुसलेला दिसला. बरं वाटलं. विचारायचं मात्र राहून गेलं.

एमओटीच्या दिवशी रस्ता ओला होता. आमच्याकडून गॅरेजकडे जाताना एक लांब उतार आणि खाली राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. नेहमीप्रमाणे पायानं मागचा ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी मात्र तशीच चालली. पुन्हा दाबला, तेच. समोर पावाची एक व्हॅन थांबलेली. पुढचा ब्रेक आवळला तशी गाडी एका बाजूला सरकली, मी पाय टेकवत, घासत, व्हॅनच्या मागच्या दारापासून हातभर अंतरावर थांबले. ड्रायव्हरनं आरशात बघून हात उडवले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मला वाटलं, बर्फ असेल.

बर्फ नव्हता. टेस्टरनं मागचं चाक रोलरवर चढवलं, ब्रेक दाबला आणि यंत्राकडे बघून म्हणाला, "मागचा ब्रेक घरी विसरलात का?" मग खाली वाकून त्यानं चाकाच्या चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. काळपट, तेलकट.

"कुणी तेल लावलं इथे?"

तो म्हणाला, "ही चकती कोरडी असायला हवी. पॅड तिला धरतात म्हणून गाडी थांबते. तेल लागलं की धरणार कसे? पॅड पार भिजलेत." याशिवाय हँडलचं बेअरिंग अडकत होतं आणि सायलेन्सरला खालून भोक पडलं होतं. गाडी तिथेच ठेवावी लागली. हेल्मेट मांडीवर घेऊन मी दोन बस बदलत घरी आले. दुसरी बस नेहमीसारखीच आली नाही, आली नाही, आणि मग एकदाची आली.

सासरे दारातच होते. "गाडी कुठेय?"

"बाबा, मागच्या चाकाच्या चकतीला तेल लावलंत का तुम्ही?"

"लावलं ना काल रात्री. तांबूस गंज धरला होता. पुसून तेलाचा हात फिरवला."

"तो ब्रेक आहे, बाबा! ब्रेकला कुणी तेल लावतं का? मी आज मेले असते. व्हॅनखाली गेले असते."

एवढ्या आवाजात मी त्यांच्याशी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. ते खुर्चीवर बसले. हात मांडीवर ठेवले आणि हातांकडेच बघत राहिले.

"स्कूटरला ड्रम होता," ते म्हणाले. "ब्रेक आत असायचा, झाकलेला. हे असं उघड्यावर असतं, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावायचा?"

"तू रोज सकाळी त्या गाडीवर जातेस. कोपऱ्यावर वळलीस की दिसेनाशी होतेस. मग तू परत येईपर्यंत मला दुसरं काम नसतं. म्हटलं, निदान गाडी तरी ठीक असावी."

मी आत गेले, पिठलं टाकलं, भात लावला. दोघं समोरासमोर बसून जेवलो. ते म्हणाले, "मीठ बरोबर आहे." नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो घाबरला, मग म्हणाला, "बाबांना फार बोलू नकोस, प्लीज. आत्ता त्यांची अवस्था..." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

गाडी दुरुस्त होऊन पुन्हा तपासून झाल्याचा निरोप आला त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी जाकीट घालते तर सासरे बूट, मफलर, कानटोपी घालून तयार. हातात कापडी पिशवी, तिच्यात नवऱ्याचं जुनं हेल्मेट.

"तुम्ही कुठे?"

"येतो."

बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र ते माझ्या पुढे झाले आणि टेस्टरसमोर उभे राहून टेलिफोन खात्यातल्या जुन्या, स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "तेल लावणारा माणूस मी."

टेस्टरनं त्यांना कानटोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "मग पुन्हा नाही लावणार तुम्ही," म्हणाला आणि चहाचा मग उचलून आत गेला.

मी गाडी बाहेर काढली. सासरे पिशवीतून हेल्मेट काढू लागले.

"बाबा, तुम्ही बसनं या. केवढी थंडी आहे, वाऱ्यानं कुडकुडाल."

"ब्रेक लागतो की नाही ते मला कळायला हवं. मी बसलेलो असताना."

त्यांना हेल्मेटचा पट्टा लावता येईना. मी त्यांच्या हनुवटीखाली तो अडकवला. दाढीचे पांढरे खुंट बोटांना लागले. सून म्हणून इतकी वर्षं वाकून नमस्कार केले, पण त्यांच्या चेहऱ्याला हात लागायची वेळ कधी आली नव्हती. ते लहान मुलासारखे मान वर करून उभे होते. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन, पाय कसाबसा पलीकडे टाकून मागे बसले.

घराजवळच्या शांत रस्त्यावर आल्यावर मागून आवाज आला, "दाब."

मी दाबला. गाडी थांबली.

"परत."

परत थोडी पुढे नेली, परत दाबला.

"आता जरा वेगात."

अशा आम्ही त्या रस्त्यावर किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. कुत्रं फिरवणारी एक म्हातारी फुटपाथवर थांबून आमच्याकडे बघत राहिली. माझी बोटं बधिर झाली होती, सुट्टीचा दिवस निम्मा संपला होता, मशीनमध्ये कपडे तसेच पडले होते आणि मला फक्त आडवं व्हायचं होतं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. चल घरी." घरी आल्यावर ते चहा करतो म्हणाले आणि त्यांनी खरंच केला. फार गोड झाला होता. मी पूर्ण प्यायले.

मार्चमध्ये व्हिसा संपायच्या आधीच ते परत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा या, असं नवरा म्हणाला. ते हो म्हणाले, पण आले नाहीत. पुण्यातलं घर उघडून तिथेच राहिले, डबा लावला, सकाळी बागेत जाऊ लागले. ते गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी आल्याआल्या झोपता येऊ लागलं, एवढंच.

गाडी पुढेही काही वर्षं होती, नवऱ्याला लीड्समध्येच नोकरी मिळेपर्यंत. दर फेब्रुवारीत ती कमानीखाली जायची, आणि ते पुण्याहून फोन करायचे. एरवी ते मुलालाच फोन करत, माझी चौकशी त्याच्याकडे होई. त्या एका फोनला मात्र मलाच बोलवायचे.

"झाली का पास?"

"नाही बाबा."

"काय निघालं?"

"मागच्या चाकाचं बेअरिंग. चाक हलतंय म्हणाला."

"हं. आणि?"

"हेडलाइट जरा वर बघतोय."

"तो स्क्रूनं खाली येतो. बेअरिंग मात्र बदलून घे. चालढकल करू नकोस."

"घेते."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक चांगला आहे, बाबा. दोन्ही."

"बरं," म्हणायचे. मग पलीकडून फक्त त्यांच्या गल्लीतला कुठलातरी हॉर्न ऐकू यायचा. मीही फोन कानाला धरून तशीच उभी राहायची, ओल्या पँटमध्ये.