खिशात मावणारा कॅमेरा

लहान कॅमेरा निवडताना चूक माझीच झाली. रोज जवळ असावा, प्रवासात ओझं होऊ नये, एवढाच विचार करून मी दुकानात तो शर्टाच्या खिशात घालून पाहिला आणि खूश झालो. "आणि माझ्या साडीला खिसा कुठाय?" बायको म्हणाली. दुकानदार हसला, मीही हसलो. त्या हसण्यात घरातला कॅमेरा माझा एकट्याचा होऊन गेला.

पुढे कोकणात गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. समुद्र पहिल्यांदाच पाहत होत्या. लाट पायावर आली की लुगडं सावरत लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. "अहो, लवकर या! आईला बघा!" बायको ओरडत होती. मी लांब होड्यांचे फोटो काढत होतो. पोचलो तेव्हा सासूबाई कोरड्या वाळूत पाय पुसत होत्या. मी त्यांना पुन्हा पाण्यात उभं केलं. "हसा ना, आई." त्या ओळखपत्राच्या फोटोसाठी बसावं तशा ताठ झाल्या.

आता त्या नाहीत. काल बायकोने तोच फोटो फ्रेमसाठी बाहेर काढला, कारण त्यांचा दुसरा नाहीच. त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "अशी नव्हती हो माझी आई."

होड्या मात्र सगळ्या स्वच्छ आल्या आहेत. होडी पुन्हा जाऊनही टिपता येईल. ते हसू कुठून आणायचं, मला कळत नाही.

मी तिच्याशेजारी बसलो. "कॅमेरा तुझ्या हातात द्यायला हवा होता. माझं चुकलं," एवढंच मला म्हणता आलं.