पोपटीखालचा तवा

साजगावहून फोन आला तेव्हा मी कर्जतच्या माझ्या भांड्यांच्या दुकानाचं शटर वर करत होतो. "दाजी, हे गेले..." एवढंच म्हणून मेहुणीनं, सुनंदानं, फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. बबन माझा साडू. कडावच्या एकाच घरातल्या दोघी बहिणी आम्ही केल्या. साडवांचं सहसा पटत नाही, आमचं इतकं पटायचं की बायकाच वैतागायच्या. कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. झोपेतच गेला. त्या दिवशी मी दुकानातच बसून रडलो. पण आता काही आठवडे गेल्यावर त्याची आठवण आली की आधी हसूच फुटतं, आणि त्याला कारण त्याचा तो रस्सा!

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की सासुरवाडीच्या शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोपडलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. इतकी सरळ गोष्ट. पण लग्नानंतरच्या पहिल्याच पोपटीला बबन जाळाजवळ उकिडवा बसला आणि कळवळून म्हणाला, "अरे, कोंबडीचा सगळा रस मातीत चाललाय रं!" आम्हा बाकीच्यांना त्या मातीचं कधी काही वाटलं नव्हतं.

पुढच्या थंडीत हा पठ्ठ्या माझ्याच दुकानातून खोलगट लोखंडी तवा घेऊन हजर. खळगा करून तवा त्यात बसवला, त्यावर मडकं उपडं. पोपटी निघाली आणि खरंच, तव्यात चरबीचा, मसाल्याचा तांबूस रस साठलेला. त्यानं तो निखाऱ्यावर ठेवला, ठेचलेला लसूण टाकला, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावलं आणि सवयीनं वर मीठही टाकलं. आता पोपटीत खडेमीठ सढळ हातानं पडतं, ते सगळं त्या रसात आधीच उतरलेलं! पहिल्या घासाला माझे डोळे पांढरे झाले. खारटपणा मोडायला त्यानं पाणी घातलं, मग पीठ, परत पाणी, परत पीठ... शेवटी मामींचं मोठं पातेलं भरलं. मामी म्हणजे आमच्या सासूबाई. त्या पदराआड तोंड लपवून हसत होत्या.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मात्र त्या रश्शाकडे बघितलंही नाही. "पोपटी कोरडीच खायाची चीज हाय. रस्सा पायजेल तर घरी कर," म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. तिथून बबनच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. मामांना एकदा तरी हा रस्सा खाऊ घालायचा.

मग काय, दर थंडीत प्रयोग. मीठ बंद झालं. पीठ आधी तव्यातल्या चरबीत परतायला लागला, गुठळ्या गेल्या. भाजलेला कांदा आला, वरून लिंबू आलं. खोटं कशाला बोलू, मी कोंबडी बाजूला सारून नुसत्या रश्शाबरोबर भाकऱ्या हाणायचो. पण पहिली वाटी मामांची. "चाखून तर बगा, मामा." "नको रं बाबा." वाटी परत! मला संताप यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "सोड की नाद! कशाला म्हाताऱ्याच्या मागं लागतोस?" तो नुसता हसला.

यंदा पोपटी लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण सुनंदाच म्हणाली, "शेंगा काय आपल्यासाठी थांबणार हायेत? आणि दाजी, रस्सा तुमी करायचा." केला बाबा कसातरी. पीठ परतताना दोनदा हात भाजून घेतला. वाटी भरली आणि मामांपुढे गेलो, पण ते 'चाखून तर बगा, मामा' मला काही म्हणता येईना. बबन हे इतकी वर्षं हसत हसत कसं करत होता, देव जाणे.

मामींना माझी दया आली असावी. "अवो, त्यांना नाय म्हनायची खोडच हाय," त्या म्हणाल्या. "तुमी सगळी गेलात का दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून उरलेला रस्सा हेच खातात, बोटं चाटून. बबनला ठाव होतं. म्हनून तर तो दर साली जादा करून ठेवायचा."

आम्ही सगळे मामांकडे बघायला लागलो. मामा मामींकडे बघत होते.

"त्याला ठाव होतं?"

"मंग! मीच सांगितलंवतं त्याला. बोलला, मामांना कळू देऊ नका, लाजतील आणि खायाचे थांबतील."

म्हाताऱ्यानं डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकललं. मग माझ्या हातातली वाटी घेतली, भाकरी मोडली आणि सगळ्यांदेखत खायला लागला. वाटी पुसून काढली आणि सुनंदापुढे धरली.

"सकाळला ठेवू नको गं," मामा म्हणाले. "आताच वाढ."