लातूरच्या जागी नांदेड

हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, मोर्च्यात माझ्या शेजारी चालणाऱ्या पोरींना तर मुळीच नाही. गोल गोल बोलणाऱ्यांची मी पत्रकांतून भरपूर खिल्ली उडवली आहे. आता माझी पाळी आली तर — बघा, मीही गोल फिरतेच आहे.

मी जळकोट तालुक्यातल्या माझ्याच गावात डाक सेवक आहे. आम्हाला पेन्शन द्या म्हणून पत्रकं लिहिते, माईकवर ओरडते. पण ही नोकरी गावातल्या पोरीसाठी काय असते, ते तुम्हाला ठाऊक आहे का? घरापासून चालत पाच मिनिटं. चार-पाच तासांचं काम. दर महिन्याला स्वतःच्या खात्यात पैसे, विमा, पुढं खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन व्हायची वाट. आणि मोठी गोष्ट म्हणजे — लग्नाचं बोलणं काढणारे जरा दमानं बोलतात.

ही जागा सुरेखाची होती.

सुरेखा माझी बाकावरची मैत्रीण. भरती दहावीच्या गुणांवर होते, परीक्षा नाही. तिला त्र्याण्णव टक्के, मला अठ्ठ्याऐंशी. गावात जागा एकच. हिशेब कुणालाही कळेल असा.

फॉर्म भरायला आम्ही दोघी जळकोटच्या नेट कॅफेत गेलो. ती म्हणाली, "तूच भर बाई. माझ्या हातानं बटन दाबलं तर सरकार पडंल." हसत हसत ती आधारची झेरॉक्स काढायला गेली. पडद्यावर ओळ होती — विभाग निवडा. एकच निवडता येतो. मी लातूरच्या जागी नांदेड दाबलं. गावं निवडली ती किनवटच्या पलीकडची. माझ्या फॉर्मवर लातूर, आणि पहिलं नाव आमच्या गावाचं.

चूक झाली होती का? नाही. उलट मनात म्हटलं — तिलाही नोकरी लागेलच की!

लागली. किनवटच्या पलीकडं. ज्या गावची जागा त्याच गावात राहायचं, असा नियम. तिचे वडील, आमचे आप्पा, म्हणाले, "लेकीला रानात एकटी ठिवू? आपल्या गावात असती तर म्या सोता पोचवलं असतं." सुरेखा भडकली, "बहाणे करू नका, आप्पा. तुमाला माझी नोकरीच नको." त्यावरून बाप-लेकीचं बोलणं तुटलं. वर्षाच्या आत तिचं लग्न लावलं, चाकूरला.

आणि मी काय केलं? पत्रक काढलं! 'संगणकानं गुणवंत लेकीला घरापासून तोडलं — जाब द्या!' पंचायतीच्या भिंतीवर स्वतः चिकटवलं. संगणकानं मी दाबलं तेवढंच केलं होतं. खात्याचा काडीचा दोष नव्हता. सुरेखा माझ्या गळ्यात पडून रडली — "तूच एक माझ्यासाठी भांडलीस गं." मी तिची पाठ थोपटली. हा हात, हाच.

गेल्या रविवारी चाकूरला गेले. तिच्या फॉर्मची प्रिंट मी फाडली नव्हती. तिच्यापुढं ठेवली. ओले हात पदराला पुसून तिनं वाचली, एका ओळीवर बोट थांबलं.

"नांदेड? म्या तर लातूर म्हणले व्हते."

"मी टाकलं. मुद्दाम."

तिनं प्रिंटची घडी घातली. मग म्हणाली, "तीन वर्सं झाली, म्या आप्पाला बोलले न्हाई."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं — पण का बरं व्हावं माझं? प्रिंट तिनं परत दिली नाही. मी निघाले तेव्हा ती आत वळून चपला शोधत होती.

आज हा कागद त्याच पंचायतीच्या भिंतीवर लावला आहे, खाली माझ्या पूर्ण नावासह. एक प्रत रजिस्टर पोस्टानं टपाल खात्याच्या मोठ्या साहेबांना. काउंटरवर मीच होते. वजन केलं, तिकिटं लावली, आणि शिक्का मारला.