सोवळ्यातलं मशीन

चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जरा तिरकी करायची आणि विचारायचं, "कुणाच्या हातचं?" तुम्हाला वाटेल, एखादी आजी लाडवांची चौकशी करतेय. नाही हो. ताई हे सॉफ्टवेअरबद्दल विचारायच्या. ऑफिसात कुणी इंटरनेटवरून काही उतरवून घेतलं की त्यांचा चष्मा वर गेलाच म्हणून समजा.

ताई कोल्हापूरच्या. यजमान हवाई दलात. त्यांची बदली चंडीगडला झाली आणि ताई आयटी पार्कमधल्या आमच्या छोट्या कंपनीत रुजू झाल्या. मी नाशिकचा, बायकोला इथल्या इस्पितळात डॉक्टरची नोकरी लागली, तिच्यामागून आलो. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांच्या त्या 'मॅडमजी', माझ्या ताई.

आम्ही रक्ततपासणीच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली, की यंत्रात जे काही जाईल ते मुळापासून तुम्हीच बांधलंय हे दाखवा. मॅनेजरसाहेबांना वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. ताईंनी ते मनावर घेतलं.

आता यातली गोम बघा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. पण कंपायलर हासुद्धा प्रोग्रामच. मग त्याला कुणी करून दिलं? आधीच्या कंपायलरने. आणि त्याला? इथे शहाणी माणसं विचारणं थांबवतात आणि तयार कंपायलर उतरवून घेतात. चहा निवायच्या आत काम होतं. ताईंनी मात्र हाताने टाइप केलेल्या मूठभर आकड्यांपासून सुरुवात केली. त्यातून एक इवलंसं अवजार, त्यातून जरा मोठं, त्यातून एक बाळबोध कंपायलर, असं चढत चढत आमच्या रोजच्या भाषेपर्यंत पोचायचं होतं.

त्यासाठी कोपऱ्यात एक वेगळं मशीन मांडलं. त्याची नेटची वायर काढून टाकली. त्याला कुणी हात लावायचा नाही, पेनड्राइव्ह जोडायचा नाही. ताईंच्या घरी सोवळंओवळं काही नव्हतं. बाजारात गोलगप्पे खाताना भैयाच्या हाताकडे त्यांनी कधी बघितलं नाही. सगळं सोवळं त्या मशीनच्या वाट्याला आलं होतं.

"मैडमजी, रोटी खाने के लिए कोई गेहूँ बोता है क्या?" मॅनेजरसाहेब विचारायचे. त्यांची शहरालगतच्या मुल्लानपूरची गव्हाची जमीन नुकतीच टाउनशिपमध्ये गेली होती, तेव्हा त्यांना असं वाटणं साहजिक होतं.

"किसी को तो बोना पड़ता है, जी," म्हणून ताई पुन्हा कोपऱ्यात.

ताईंच्या डब्यात रोज दही असायचं. घट्ट, गोडसर, सुरी फिरवली तर वडी पडेल असं. त्याचं विरजण त्यांच्या आईच्या हातचं. लग्नात आईने दिलं, ते दरेक पोस्टिंगला बरणीतून सोबत आलं. आई जाऊन काही वर्षं झाली होती. इथल्या थंडीत दही लागावं म्हणून ताई भांड्याला यजमानांची जुनी लोकरी जर्सी गुंडाळून ठेवत. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

मला चेष्टेची हुक्की आली. "ताई, तुम्हाला विरजण आईने दिलं. आईला कुणी दिलं?"

"तिच्या सासूनं."

"आणि सासूला?"

"गप की रे," ताई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

पुढे एकदाची ती अवजारांची साखळी पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत अडखळल्याशिवाय चालली. साहेबांनी आनंदाने पिन्नीचे, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांचे, डबे मागवले आणि गिऱ्हाइकाला बोलावणं धाडलं. त्याच दिवशी ताईंच्या यजमानांची बदलीची ऑर्डर आली. सगळं कसं वेळेत झालं, असं मी म्हणालो. ताई पडद्याकडे बघत होत्या.

मधल्या एका पायरीला अवजाराने पडद्यावर आपलं नाव-गाव छापलं होतं. ते आम्ही घडवलेल्याचं नव्हतं. अगदी सुरुवातीला मशीन तपासायला म्हणून एक तयार अवजार त्यावर चढवलं होतं आणि ते काढायचं राहून गेलं होतं. साखळीने घरचं सोडून तेच उचललं. आणि ते चढवलं होतं खुद्द ताईंनी.

"कुणाला कळणारे?" मी म्हणालो. "तुम्ही तर चाललात."

"मला कळलंय ना. त्याचं काय करू?"

गिऱ्हाइकाची माणसं आली. ताई उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावर नेला आणि शांतपणे सांगितलं, की यातली एक पायरी आमच्या हातची नाही, आणि चूक माझी आहे. साहेबांच्या तोंडात पिन्नी होती. ती त्यांना गिळता येईना आणि बोलताही येईना. माणसं मुदत वाढवून निघून गेली. मला ताईंचा राग आला होता आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

ताईंनी मशीन पुसून पुन्हा आकड्यांपासून मांडलं. आता ते तयार अवजार नव्हतं, तर साखळी त्याच पायरीवर अडायची. निघायचा दिवस आला तरी अडलेलीच होती.

त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात विरजणाची वाटी ठेवली. "बायकोला दे. आणि ऐक, हे आईचं नाही."

मी वाटीत डोकावलो.

"इकडे बदलून येताना गाडी रखडली. उकाड्यात बरणीतलं सगळं नासलं. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी भाभींकडून वाटीभर आणलं. घरात सगळे म्हणाले, वा, आईच्याच हातची चव. मी काही बोलले नाही. ह्यांनाही ठाऊक नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आई गेली ते मान्य केलं होतं रे. दही गेलं ते मान्य करवेना. म्हटलं, एक तरी गोष्ट मुळापासून आपल्या हातची असू दे."

त्यांनी मशीनवरून हात फिरवला आणि गेल्या.

ती पायरी मी पुढे बऱ्याच महिन्यांनी ओलांडली. गिऱ्हाइकाने साखळी मान्य केली. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "पुसून परत एकदा चालव." चालवली. खरंच सोवळ्यात होती.

आमच्याकडे अजून त्याच विरजणाचं दही लागतं. पाहुणे आले की बायको वाटी पुढे करते आणि कौतुकाने सांगते, "कोल्हापूरचं विरजण आहे हं. ताईंच्या आईच्या हातचं."

पाहुणे म्हणतात, चव लगेच कळते. मीही मान डोलावतो आणि आणखी थोडं वाढून घेतो.