एका पायावर पंधरा

मेक्सिकोतल्या लेओन शहरात बुटांच्या कारखान्यात बुटांचे तळ कापणाऱ्या एलेउतेरिओची आठ वर्षांची मुलगी सित्लाली सपाट पावलांची होती. सारखी तोल जाऊन पडायची. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले होते: पायाच्या बोटांनी गोट्या उचलायच्या आणि मग एका पायावर उभं राहायचं. रोज संध्याकाळी बाप समोर बसून आकडे मोजायचा. सुरुवातीला ती सातपर्यंत टिकायची. दोन वर्षांनी नऊपर्यंत.

"बाबा, तू मुद्दाम हळू मोजतोस!" एकदा ती चिडून म्हणाली.

"बरं बाई, भरभर मोजतो."

त्याने घाईघाईने पंधरा मोजले. पोरगी हरखून आईला सांगायला धावली आणि दारातच तोंडावर आपटली. तिला उचलताना त्याला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी त्याने व्यायामाचं नाव काढलं नाही. तिनेही नाही.