घरी काय उकळता?

औषधाची बाटली समोरच्याच्या हातात देण्याआधी ताई ती क्षणभर आपल्याच मुठीत धरून ठेवायच्या. तो हात पुढे करून उभा, आणि ताई चष्म्यावरून बघत विचारणार, "बाकी घरी काय उकळता?"

हा प्रश्न नागपुरी वळणाच्या इंग्रजीत सगळ्यांना. मिशिगनच्या शेतकऱ्याला, प्रोफेसरच्या बायकोला, सर्दी झालेल्या पोरसवदा विद्यार्थ्याला. काही जण हसत, काही चिडत. पण तुम्हाला सांगतो, निम्मे लोक काही ना काही कबूल करत.

ॲन आर्बरला फार्मसीत एम. एस. करताना मी दुपारी एका दवाखान्याच्या औषधखिडकीवर ताईंच्या हाताखाली काम करायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चौदा एप्रिलला न चुकता रजा घेणाऱ्या आमच्या खात्यातल्या त्या एकट्याच. साहेबानं कारण विचारलं तर पाऊण तास समजावून सांगत, म्हणून पुढे त्यानं विचारणं सोडलं.

मराठी मंडळाच्या जेवणात कुणी म्हणालं, "हर्बल आहे हो, साइड इफेक्ट नसतो," की ताई ताट खाली ठेवत. "धोतराही हर्बलच आहे. देऊ आणून?" आणि झाडपाल्याला हसणारा डॉक्टर भेटला, तर त्यालाही तितक्याच प्रेमानं सोलत. अशी दोन्हीकडून भांडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना मित्र कमी असतात.

त्या हिवाळ्यात एक चिनी आजोबा मुलीबरोबर यायचे. निवृत्त शाळामास्तर. हृदय अशक्त, सिगारेटींनी फुप्फुसं गेलेली. पाच पावलं चालले की बसायचे. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी होती. हिचं माप फार नाजूक, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. आजोबांचे रिपोर्ट काही केल्या जागेवर येईनात. हिरड्यांतून रक्त, हातांवर निळे डाग. डॉक्टरनं दोनदा डोस कमी केला आणि शेवटी जाहीर केलं, "हा माणूस मनाला येईल तशा गोळ्या घेतो आणि खोटं बोलतो. दुसरा डॉक्टर शोधा म्हणावं." तसं पत्र टाइप झालं. शुक्रवारी द्यायचं होतं. असली छाती घेऊन म्हातारा जाणार कुठे?

ताईंनी खिडकीवर मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला. "काही नाही," ती जरा जास्तच झटकन म्हणाली.

ताईंनी पर्समधून नागपूरहून आलेली अडुळशाची पुडी काढून उलगडली. "हे मी उकळते. खोकल्यासाठी. आता तुझं सांग."

मुलीचे डोळे भरले. पहिल्याच भेटीत त्यांनी चिनी काढ्याबद्दल डॉक्टरला सांगितलं होतं. डॉक्टर हसला आणि म्हणाला, कचऱ्यात टाका. तेव्हापासून दवाखान्यात त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं घरी ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काढ्याची पुडी आली. ताईंनी ती पांढऱ्या कागदावर पसरली. संत्र्याची वाळकी साल आम्ही वासानंच ओळखली. बाकी अनोळखी होतं, त्यात लालसर मुळाचे काप. लंच ब्रेकमध्ये ताईंनी मुलीला आणि मला गाडीत घातलं आणि थेट काढा जिथून आणला ते चिनी औषधाचं दुकान गाठलं. दुकानदारानं एकेक नाव लिहून दिलं. लाल मूळ होतं दानशेन. त्यांच्याकडे हृदयासाठी पिढ्यान् पिढ्या देतात. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवतं, हे ताईंनी लायब्ररीतून शोधून काढलं आणि दुकानदाराला फोन केला.

"पण गोळी चालू आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही!" तो ओरडला.

"तुम्ही विचारलं होतं?" ताई म्हणाल्या.

काढ्यानं दम कमी लागतो, असं आजोबांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, "लागत असेल, नसेल, मला माहीत नाही. पण ही गोळी आणि हे मूळ एका पोटात नाही." मग कागद घेऊन त्या डॉक्टरच्या खोलीत शिरल्या. मी दारात.

"इथे काड्याकुड्या चालत नाहीत," डॉक्टर म्हणाला.

"चालताहेत म्हणून तर रक्त येतंय! आणि ते खोटारडे नाहीत. तुम्ही त्यांना बोलू दिलं नाहीत. माझी कम्प्लेंट करा खुशाल, पण मूळ बंद करून तपासल्याशिवाय ते पत्र जाणार नाही."

मूळ बंद झालं. काही आठवड्यांत रिपोर्ट जागेवर आले. पत्र गेलं नाही. आजोबा शेवटपर्यंत त्याच डॉक्टरचे पेशंट राहिले. ताईंना मात्र लेखी समज मिळाली. ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर संपलेल्या औषधांची यादी करायला घेतली.

"ताई, नोकरी गेली असती," मी म्हणालो.

"माझे बाबा विडीच्या कारखान्यात होते. त्यांची छाती अशीच. गावच्या वैद्यानं नाडी पाहिली नाही. शिवणार कसा? पुडी उंबऱ्यावरून टाकली. आत काय आहे विचारलं, तर म्हणाला, तुला काय करायचंय."

माझे आजोबाही वैद्य. हे मी ताईंना दहादा ऐकवलेलं. घाईघाईनं म्हणालो, "माझे आजोबा तसे नव्हते हं."

त्या रागावल्या नाहीत. "विचारलंस कधी?"

रविवारी पुण्याला फोन लावला. वडिलांना आजोबांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरतोस ते?"

सोमवारी ताईंना सांगितलं. त्या गोळ्या मोजत होत्या. मोजणं संपवून म्हणाल्या, "लिही."

"कशाला, ताई?"

"काहून म्हणजे? पेशंटनं सगळं सांगायचं, आणि वैद्याच्या नातवानं लपवायचं?"

नंतर ताई दुसऱ्या राज्यात, श्रूजबरी नावाच्या गावी राहायला गेल्या. गेल्या वर्षी तिथेच वारल्या. त्या असेपर्यंत माझी हिंमत झाली नाही, याची लाज वाटते. तर लिहितो. माझे आजोबा वैद्य होते. त्यांच्या हाताला गुण होता, असं सगळे म्हणायचे. गावातल्या काही माणसांना त्यांनी तो हात कधीही लावला नाही.